ओटीवरचा अंधार

घराची कळा दारावरून ओळखावी, असे जुनी माणसे म्हणत. शाळेत निबंध तपासताना हे वाक्य आम्ही अनेकदा वाचले आहे आणि त्याला चांगले गुणही दिले आहेत. स्वतःच्या दाराकडे मात्र आम्ही दहा वर्षे डोळे उघडून पाहिले नाही. त्याची किंमत आमच्या मातोश्रींनी मोजली.

आमचे घर किलवणीचे, मंगलोरी कौलांचे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले, त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी ते बांधले. समोर ओटी, ओटीला दोन पायऱ्या, मग सागाचा उंबरठा. संस्कृतात उदुंबर या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाच आहे, हे आम्ही वर्गात मोठ्या हौसेने सांगतो. पण त्या उंबरठ्यावर उजेड किती पडतो, याचा विचार आम्हाला कधी सुचला नाही.

पावसाची झड आत येते म्हणून आम्ही ओटीची एक बाजू पत्र्याने बंद केली. डाग दिसू नयेत म्हणून भिंतींना गडद हिरवा तेलरंग दिला. पुढे जोड्यांचे कपाट आले, भाताची पोती आली, चिरंजीवांची स्कूटर आली. ओटी दरसाल थोडी थोडी काळवंडत गेली. दोन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराला बोलावले. संगमरवरी फरशी, नवा दरवाजा, खोटे छत मिळून त्याने ६०,००० रुपये सांगितले. पुढल्या वर्षी पाहू, असे म्हणून आम्ही तो कागद खणात ठेवला.

गेल्या श्रावणात, दिवेलागणीच्या वेळी, मातोश्री तुळशीपाशी दिवा लावून परतत होत्या. दुसरी पायरी त्यांना दिसली नाही. मनगटाचे हाड मोडले. इस्पितळातून येताना त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, पायरी माझ्या पायाखालची आहे, साठ वर्षांची. पण हल्ली ती मला सापडत नाही.” खणातला तो कागद त्या क्षणी आम्हाला फार जड वाटला. मोठे काम करता येत नाही म्हणून लहान कामही न करणे, हा आमचा अपराध होता.

पाऊस सरल्यावर कामाला लागलो. प्रथम ओटी रिकामी केली. पोती माळ्यावर गेली, कपाट मागील पडवीत गेले, पत्रा निघाला आणि त्या जागी बांबूची चीक आली. झड आली की सोडायची, थांबली की गुंडाळायची. एवढ्यानेच अर्धा अंधार गेला, आणि खर्च झाला तो चिकेपुरता.

मग भिंती. तेलरंगाला जागोजाग फोड आले होते. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडू पाहते. तेलरंग तिची वाट अडवतो आणि अखेर स्वतःच सुटतो. तो सगळा खरवडून काढावा लागला, कारण त्यावर चुना धरत नाही. चुनकळी दोन दिवस विरवली, फडक्याने गाळली, त्यात थोडे डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. विरवताना चुनकळी पाण्यात सोडावी, चुनकळीवर पाणी ओतू नये; ती उकळते आणि डोळ्यांत उडते. मुलांना तेथे फिरकू देऊ नये. भिंत आधी ओली करून एकेक दिवसाच्या अंतराने तीन पातळ हात दिले. चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, म्हणून घाईने जाड हात देऊ नये. त्याचे पोपडे सुटतात. चुन्यावर बुरशीही सहसा धरत नाही.

खाली दोन हात उंचीचा गेरूचा पट्टा ओढला. ही शिकवण आमच्या वारली शेजाऱ्यांची. कुडाची भिंत सारवून तिला गेरू द्यावा, सणासमारंभाला वर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे काढावीत, ही त्यांची रीत. गेरूवर चिखलाचे शिंतोडे उठून दिसत नाहीत. आमच्या कन्येला दाराशी वारली लग्नचौक हवा होता. शेजारच्या आजींनी सांगितले की तो लग्नाच्या वेळीच काढायचा असतो. त्याऐवजी त्यांनी तारप्याभोवतीचा नाच काढून दिला. मोबदला घेण्यास त्या संकोचल्या; आम्ही तो आग्रहाने दिला.

खरा चमत्कार छपराने केला. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोचली. त्याच घडणीचे काचेचे कौलही मिळते. उंबरठ्याच्या वर अशी दोन कौले बसवली. दुपारी कोवळ्या चौकोनासारखा उजेड थेट पायऱ्यांवर उतरतो. जास्त बसवू नयेत, उन्हाळ्यात ओटी तापते. आणि दरवर्षी शेवाळ पुसावे. रात्रीसाठी ९ वॅटचा एलईडी दिवा पायऱ्यांच्या बाजूला लावला, डोळ्यांवर न येईल असा. पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या रंगाची चार बोटे रुंद पट्टी ओढली आणि भिंतीला लाकडी कठडा ठोकला. वयोवृद्ध डोळ्यांना नुसता उजेड पुरत नाही, कड कोठे संपते तेही दिसावे लागते.

दरवाजा बदलला नाही. पॉलिशकागदाने घासून त्याला जवसाचे तेल दिले, तेव्हा खालून मूळचा साग निघाला. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून उघड्यावर पसराव्यात.

सारा हिशेब ४,००० रुपयांच्या आत बसला, कारण अंगमेहनत घरचीच होती.

बडोदे, इंदूर, हैदराबाद, कोठेही आपण असा. जुन्या घराचे दार आपल्यापाशी असेलच. दिवाळीची वाट न पाहता एकदा दिवेलागणीला, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा हात धरून, बाहेरून आत या. काय करायला हवे ते पायच सांगतील.

मातोश्रींचे मनगट सांधले, पण पूर्ववत झाले नाही. तुळशीचा दिवा आता त्या डाव्या हाताने नेतात. परतताना पांढऱ्या पट्टीपाशी क्षणभर थांबतात, आणि मग कठड्याला हात न लावता वर येतात. आम्ही खुर्चीत बसून पाहत असतो, आणि काही बोलत नाही.