आगमनकाळ घाईने उरकू नका

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचलं जातं, त्यात बाळ येशू कुठेच नसतो. गव्हाण नसते, मेंढपाळ नसतात, देवदूतांचं गाणं नसतं. त्या दिवशी कानावर पडतं ते सूर्य काळवंडल्याचं, राष्ट्रं भेदरल्याचं, घरधनी कोणत्या प्रहरी परतेल याचा नेम नसल्याचं. वाचनक्रम तीन वर्षांचा आहे. मत्तय, मार्क आणि लूक पाळीपाळीने येतात, पण सुरुवात दर वर्षी अशीच धाक घालणारी. घरी करंज्या-कलकलांचं पीठ कधी भिजवायचं याचे बेत करत आलेला माणूस बाकावर बसल्या बसल्या दचकतो. चर्चनं आपल्या वर्षाचा आरंभ इथून केला यात मोठं शहाणपण आहे, असं मला फार मनापासून वाटतं. आणि ते आपल्या हातून निसटत चाललंय, म्हणून हा आठवडा त्यासाठी.

या सदराच्या ज्या वाचकांचा चर्चशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ होतो तो आगमनकाळ. उपासनेचं वर्ष जानेवारीत नाही, इथे सुरू होतं. वेदीवर जांभळं वस्त्र येतं, कॅथलिक मिस्सात रविवारचं गौरवगीत थांबतं. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक वाढत जाते. पुष्कळ मंडळ्यांत पहिली मेणबत्ती आशेची मानतात. वाट पाहायची ती दोन गोष्टींची: बेथलेहेमात एकदा घडून गेलेल्या आगमनाची, आठवण म्हणून, आणि ख्रिस्त पुन्हा येईल त्या आगमनाची, जे अजून व्हायचं आहे. आपलं सगळं जगणं या दोहोंच्या मधल्या जागेत चालतं. म्हणून या काळाची भाषा उत्सवाची नसते. ती अजून काही पुरं झालेलं नाही हे कबूल करणाऱ्यांची असते.

पण आपल्याकडे होतं काय? डिसेंबर उजाडला की लगेच नाताळ. पहिल्याच आठवड्यात संडे स्कूलचा कार्यक्रम, मग तरुण संघाचा, मग महिला मंडळाचा. चांदण्या लागतात, केक कापला जातो, आणि 25 तारीख येईपर्यंत पाळकांपासून पोरांपर्यंत सगळे थकलेले असतात. मुलांचा आनंद मला हवाच आहे. पण या गडबडीत ज्यांच्या घरातलं माणूस याच वर्षी गेलंय, ती माणसं मागच्या बाकावरून हळूच उठून जातात. त्यांना उभं राहायला हक्काची जागा आगमनकाळानं ठेवली होती. ती आपण घाईनं भरून टाकली.

याहून मोठी तक्रार आहे ती व्यासपीठावरून वाटल्या जाणाऱ्या आश्वासनांबद्दल. हे वर्ष तुमचं आहे, नोकरी लागेल, दुखणं पळेल, कर्ज फिटेल, फक्त विश्वास धरा, असं सांगणारे उपदेश वाढले आहेत. सांगणाऱ्याच्या मनात माया असेलही. पण कर्ज फिटलं नाही, दुखणं हटलं नाही, की ऐकणाऱ्याच्या पदरी दुहेरी दुःख पडतं. परिस्थिती तशीच राहते, वर विश्वास कमी पडल्याचा बोल लागतो. ख्रिस्ती आशा म्हणजे सगळं मनासारखं होईल याची हमी, असं पवित्र शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही. आगमनकाळाची वाचनं शांतपणे ऐकली तर ती नेमकं उलटं सांगतात.

तिसऱ्या रविवारचंच पाहा. हा आनंदाचा रविवार. जांभळ्या मेणबत्त्यांमधली एकमेव गुलाबी मेणबत्ती याच दिवशी लावतात. आणि तीन वर्षांतून एकदा या आनंदाच्या रविवारी वाचन येतं ते तुरुंगातलं, मत्तयाच्या अकराव्या अध्यायातलं. बाप्तिस्मा करणारा योहान कैदेत आहे. हेरोद अंतिपासानं भावाची बायको करून घेतली, त्यावर योहान तोंडावर बोलला, त्याची ही शिक्षा. मृत समुद्राच्या पूर्वेला माखेरसच्या किल्ल्यात त्याला ठेवलं होतं, असं इतिहासकार योसेफस लिहितो. ज्यानं यार्देनेच्या काठावर लोकांना हाक घालून ‘येणारा’ दाखवला, तोच आता शिष्यांकडून येशूला विचारतो आहे: येणार होता तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्यानं सगळ्या देशाला वाट पाहायला शिकवलं, त्याच्याच मनात हा प्रश्न यावा! मला या ओळीपाशी दर वेळी थांबावं लागतं.

येशू त्याच्यावर रागावत नाही. विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. तो यशयाच्या भाषेत उत्तर धाडतो. आंधळ्यांना दिसू लागलंय, पांगळे चालताहेत, कुष्ठरोगी शुद्ध होताहेत, बहिऱ्यांना ऐकू येतंय, मेलेले उठताहेत, गरिबांना सुवार्ता मिळते आहे. पण यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, आणि नासरेथच्या सभास्थानात येशूनं ती स्वतः वाचल्याचं लूक सांगतो: बंदिवानांची सुटका. तुरुंगातल्या योहानाला पाठवलेल्या निरोपात नेमकी तीच नाही. योहानाला शास्त्र तोंडपाठ असणार. काय गळलंय ते त्याला कळलंच असेल. पुढे त्याचं दार उघडलं नाही. एका मेजवानीच्या रात्री त्याचं शिर तबकात गेलं.

मग त्या निरोपात योहानाला मिळालं काय? माझ्या समजुतीप्रमाणे त्याला हे मिळालं, की ज्याची वाट पाहिली तो आला आहे आणि त्याचं काम चालू झालं आहे. माझी कोठडी उघडली नाही तरी बाहेर पांगळे चालू लागलेत हे खरं आहे, आणि ते मला पुरतं. ज्या आशेला स्वतःच्या सुटकेची अट नाही, तिला कोणत्याही हेरोदाला हात लावता येत नाही. टिकते ती हीच. देवाजवळ सुटका मागू नये असा याचा अर्थ मी काढत नाही. स्तोत्रकर्ते आक्रोश करून मागतात, आपणही मागावं. मात्र मागितलेलं मिळालं नाही म्हणून देव आला नाही असं होत नाही. तो आलाय, हा आपल्या विश्वासाचा पाया आहे, आणि तो आपल्या बऱ्यावाईट दिवसांवर अवलंबून नाही.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांना हिटलरच्या राजवटीनं 1943 च्या एप्रिलमध्ये अटक केली. त्या वर्षीचा आगमनकाळ त्यांनी बर्लिनच्या टेगल तुरुंगात काढला. तिथून मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कैदखान्याची आगमनकाळाशी सांगड घातली. आत बसून माणूस बारीकसारीक काहीबाही करत राहतो, पण दार उघडायचं ते बाहेरूनच. ते दारही उघडलं नाही. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसनबुर्ग इथे त्यांना फाशी दिली गेली आणि साधारण महिन्याभरात युरोपातलं युद्ध संपलं. योहानाच्या पंगतीतला हा माणूस.

आपल्या मातीतलं उदाहरण मला याहूनही जवळचं वाटतं. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. तिथल्या मुक्ती मिशनची स्थापना पंडिता रमाबाईंनी केली. रमाबाईंच्या आयुष्यात मृत्यू किती वेळा आला हे एका दमात वाचवत नाही. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. हाती तान्ही मनोरमा. पुढल्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेनं मरायला टेकलेल्या मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणल्या. एकेकाळी ज्या दुष्काळानं त्यांचं घर पुसून टाकलं होतं, त्याच्याच तोंडातून त्या आता दुसऱ्यांची लेकरं ओढून काढत होत्या.

पण आगमनकाळात मला आठवतं ते त्यांचं उत्तरायुष्यातलं काम. प्रचलित मराठी बायबलची भाषा केडगावच्या मुलींना जड जात होती. ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक आलं, तिला ते तिच्या बोलीत वाचता यावं म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून नवं भाषांतर हाती घेतलं. बालपणी संस्कृत पुराणं मुखोद्गत केलेल्या या विदुषीनं उतारवयात या दोन्ही भाषांचा अभ्यास केला. सतरा-अठरा वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवण्यापासून छपाई-बांधणीपर्यंत सगळं मुक्तीतल्याच बायकांच्या हातांनी झालं. ज्यांना समाजानं अपशकुनी ठरवलं होतं, त्याच शाईनं माखलेल्या बोटांनी यशयाची अभिवचनं एकेक अक्षर करून उलट्या ओळीत जुळवत होत्या. कंपोझिंगचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की तिथे घाई चालत नाही. एक खिळा चुकला की सगळी ओळ उसवावी लागते.

काम शेवटाला येत असताना 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, संस्था पुढे चालवायची ती तीच. रमाबाई थांबल्या नाहीत, मुद्रितं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये, त्यांच्यामागे. बांधलेली प्रत हातात धरण्याचं सुख त्यांना मिळालं नाही. जिच्यासाठी हे केलं ती वाचणारी मुलगी मात्र त्यांनी मनात कधीच पाहिली असणार, नाहीतर लेकीच्या मरणानंतर मुद्रितं तपासायला कोण बसतं? रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ही असंच अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. मराठी ख्रिस्ती समाजाच्या घडणीत एकानं लावलं आणि दुसऱ्यानं कापणी केली असं पुष्कळ आहे. आपण आज ज्या बाकांवर बसतो ती त्याचीच पुण्याई.

मेणबत्त्यांच्या त्या चक्राची गोष्टही अशाच एका अनाथगृहातली आहे. योहान हिनरिख विखर्न या तरुण धर्मोपदेशकानं 1833 साली हॅम्बुर्गमध्ये गरीब, वाऱ्यावर पडलेल्या मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ सुरू केलं. डिसेंबर आला की मुलं रोज विचारत, नाताळला अजून किती दिवस? 1839 मध्ये विखर्ननं गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: वारांच्या लहान तांबड्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या. रोज एक वाढायची. वचन मोडलेलं ज्यांनी लहानपणीच पाहिलंय, त्या मुलांना नुसतं ‘थांबा, येईल’ म्हणून भागत नाही. त्यांना डोळ्यांनी दिसावं लागतं, की काल होता त्याहून आज उजेड थोडा जास्त आहे आणि सांगणारा माणूस उद्याही इथेच असणार आहे. डहाळ्या, फिती, सजावट नंतर आली. मुळात ते पोरक्या मुलांना दिलेलं वचन होतं.

केडगाव आणि हॅम्बुर्ग ही दोन्ही घरं समोर ठेवली की मला आगमनकाळाची आशा कशी दिसते ते कळतं. वाट पाहणारी ही माणसं हात जोडून तर बसली, पण हात बांधून बसली नाहीत. ज्याच्या येण्यावर विश्वास ठेवला, तो आल्यावर काय करील ते त्यांनी आधीच, आपल्या आवाक्यात, करायला घेतलं.

म्हणून या चार रविवारांत आपल्या मंडळ्यांनी काय करावं याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. नाताळचे कार्यक्रम 25 डिसेंबरनंतर ठेवा. चर्चचा नाताळकाळ त्याच दिवशी सुरू होतो, संपत नाही. तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ या वर्षी माणूस गमावलेल्या कुटुंबांसाठी मोकळी ठेवा. त्यात उपदेश नको. गेलेल्यांची नावं घ्या, एखादं स्तोत्र वाचा, आणि रडू आलं तर रडू द्या.

आणि आणखी एक. हे दिवस उसाच्या गाळप हंगामाचे असतात. अहिल्यानगर, बीडकडची कितीतरी कुटुंबं उचल घेऊन मुकादमाबरोबर कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाचटाची कोपी, पहाटेच्या थंडीत फड, गाडी भरायची वेळ आली की झोपेतून उठून मोळ्या वाहायच्या. पोरं तिथेच फडाच्या कडेला. त्यांत आपल्या मंडळ्यांतलीही माणसं असतात. गावातल्या चर्चमध्ये त्यांची जागा रिकामी असते आणि ज्या गावाच्या शिवारात ती राबतात, तिथल्या चर्चला त्यांचा पत्ता नसतो. सरकारी नोंदणीसाठी घर सोडून निघालेलं एक जोडपं, बाईला दिवस भरलेले, उतरायला जागा नाही, ही गोष्ट आपण दर वर्षी नटून सादर करतो. तशीच माणसं दोन-चार मैलांवर मुक्कामाला असताना आपलं कॅरल पथक कॉलनीतल्या ओळखीच्या घरांवरून फिरून परत येतं, हे मला सहन होत नाही.

पथकाची यादी बहुतेक ठिकाणी दुसऱ्या रविवारनंतर ठरते. त्या बैठकीत कोणीतरी उठून ऊसतोडणीवाल्यांच्या तळाचं नाव घाला म्हणावं. कारखान्याच्या शेतकी विभागात चौकशी केली तर टोळ्या कुठे उतरल्यात ते कळतं. जाताना घोंगड्या, मुलांसाठी स्वेटर, आजारी कोणी असेल तर डॉक्टर बरोबर घ्या. एखाद्या कोपीत बाळंतीण असेल तर तिच्यासाठी वेगळं काही न्या. माणसं फडातून अंधार पडल्यावरच परततात, तेव्हा रात्री आठनंतरची वेळ धरा.