पासपोर्ट मुलाचा, संमती कोणाची?

सीमेवरचा अधिकारी मोठ्या माणसाला एकच गोष्ट विचारतो: तुम्ही कोण? पासपोर्ट पुढे केला की त्याचे समाधान होते. समोर चौदा-सोळा वर्षांचे पोर एकटे उभे असेल, तर मात्र त्याच्या मनात दुसरा प्रश्न येतो: याला पाठवले कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद आपल्या सरकारने गेल्या काही वर्षांत बराच सोपा केला. दुसऱ्याचे उत्तर देणारा कागद मात्र ज्याने त्याने जमवायचा. कधी परक्या देशाच्या व्हिसा कार्यालयाच्या नमुन्यावर, कधी विमान कंपनी सांगेल तसा, आणि बहुतेक वेळा कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या नोटरीकडच्या तयार मजकुरावर. आई-वडिलांशिवाय परदेशी जाणाऱ्या अठराच्या आतल्या मुलासाठी संमतीपत्राचा एकच नमुना केंद्र सरकारने ठरवून द्यावा, तो एका पालकाच्या सहीने चालावा, त्याला पैसे पडू नयेत आणि तो मुलाच्या पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असावा, असे माझे म्हणणे आहे.

हे दादरा आणि नगर हवेलीतल्या सिल्वासात बसून म्हणण्याला कारण आहे. आज वापी स्टेशनवर उतरलेला माणूस थोड्याच वेळात सिल्वासा गाठतो, आणि वाटेत दारूबंदीच्या गुजरातची हद्द संपली हे त्याला दारूच्या दुकानांच्या पाट्यांवरून कळते. १९५४ पर्यंत इथली हद्द आंतरराष्ट्रीय होती. दमण पोर्तुगीजांचे, दादरा पोर्तुगीजांचे, नगर हवेली पोर्तुगीजांची, आणि तिन्हींच्या मधला मुलूख भारताचा. दमणहून सिल्वासाला जायचे तर भारत ओलांडावा लागे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, आणि त्या लढ्यातली राजा वाकणकर, सुधीर फडके ही नावे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. त्यानंतरचा कज्जा तेवढा ठाऊक नाही. आमच्या मुलखाकडे जाणारी वाट भारताने अडवली, असा दावा पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावला. भारताची बाजू एम. सी. सेटलवाड यांनी लढवली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून न्यायासनावर होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. फौजफाटा, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना वाटेचा हक्क नाही, असे न्यायालयाने आठ विरुद्ध सात मतांनी ठरवले. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना मात्र १९५४ मध्ये तो हक्क होता, पण भारताच्या नियमनाखाली आणि नियंत्रणाखाली. हे अकरा विरुद्ध चार मतांनी. भारताने त्या हक्काचा भंग केलेला नाही, हेही न्यायालयाने सांगितले. वाटेचा हक्क आणि त्यावरचे नियमन ही दोन्ही एकाच वाक्यात नांदू शकतात, हे कायद्याच्या पुस्तकांत या चिमुकल्या प्रदेशाच्या नावावर नोंदलेले आहे. अल्पवयीन प्रवाशाबद्दल आपण नेमके हेच विसरतो. एक बाजू हक्काचे बोलते, दुसरी बंदोबस्ताचे.

हक्काची बाजू आपल्याकडे भक्कम आहे. परदेशी जाणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात एप्रिल १९६७ मध्ये सांगितले, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. त्या कलमात वयाची अट नाही. पंधरा वर्षांची मुलगीही व्यक्तीच आहे. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सैल केले. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे झाले. जोडपत्रांची संख्या पंधरावरून नऊवर आली, आणि ती सगळी साध्या कागदावरची स्वयंघोषणा झाली. नोटरी नको, दंडाधिकारी नको. दोन्ही पालकांची संमती असेल तर एक घोषणापत्र, एकाची मिळत नसेल तर ती का मिळत नाही हे सांगणारे दुसरे. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांत जे आधी येईल ते. पंधरा ओलांडलेल्याला दहा वर्षांचाही मागता येतो. यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पालकाने ती घोषणा एकदाच केलेली असते, पासपोर्ट काढताना. तेराव्या वर्षी दिलेली ती संमती सोळाव्या वर्षीच्या प्रवासाबद्दल काहीच सांगत नाही. मूल कोठे चालले आहे, कोणाबरोबर, किती दिवस, तिथे उतरल्यावर घ्यायला कोण येणार आहे, यातले काहीही पासपोर्टात नसते, आणि असण्याचे कारणही नाही.

ही पोकळी परके देश आपापल्या परीने भरतात. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी अल्पवयीन अर्जदाराला पालकांची संमती जोडावी लागते. ब्रिटन मुलाचा प्रवास, स्वागत आणि देखभाल यांची व्यवस्था काय, ते विचारते, आणि मोठ्यांसोबत जाणाऱ्या मुलाच्या व्हिसावर त्या मोठ्या माणसांची ओळख नोंदवते. कॅनडा आणि अमेरिका संमतीपत्र जवळ ठेवा असे सुचवतात. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून दोन्ही पालकांची नावे असलेला सविस्तर जन्मदाखला मागायला सुरुवात केली आणि पुढे, पर्यटन व्यवसायाची ओरड झाल्यावर, अट सैल केली. प्रत्येकाची भाषा वेगळी, साक्षांकनाची अपेक्षा वेगळी. आणि यात सर्वाधिक अडतो तो किशोरवयातला प्रवासी. लहान मुलाला विमान कंपनी कर्मचाऱ्याच्या ताब्यात देते, पण ही सक्ती बहुतेक कंपन्यांत साधारण बाराव्या वर्षी संपते. त्यापुढचा मुलगा कंपनीच्या लेखी मोठा, कायद्याच्या लेखी लहान. गंमत अशी की या वयासाठी खास कागद काढायला आपल्या सरकारला एकदा सुचलेले आहे. नेपाळला जाता-येताना पंधरा ते अठरा वयाच्या भारतीय मुलाला शाळेच्या मुख्याध्यापकाने ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. हे मूल कुठे निघाले आहे ते माहीत असलेला एक जबाबदार मोठा माणूस सापडावा, इतका साधा विचार त्यामागे असावा. बाकीच्या जगासाठी हा विचार झालाच नाही.

याचा भार कोणावर पडतो, ते सिल्वासासारख्या गावात स्पष्ट दिसते. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती, आणि आधीच्या दहा वर्षांत ती जवळपास ५६ टक्क्यांनी वाढलेली होती. देशात इतक्या वेगाने दुसरे कोणतेच राज्य वा केंद्रशासित प्रदेश वाढला नव्हता. ही वाढ कारखान्यांनी आणली. मूल इथल्या शाळेत, वडील इथल्या कारखान्यात, आई आजारी सासूपाशी बिहारच्या किंवा ओडिशाच्या गावी, ही इथल्या घरांची नेहमीची घडी आहे. दुसरीकडे निम्म्याहून थोडी अधिक प्रजा वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी समाजांची. तिथल्या पालकाला संमती द्यायला हरकत नसते. इंग्रजी मजकुराखाली, नोटरीच्या शिक्क्याशेजारी अंगठा उठवताना त्यात लिहिले काय आहे ते कोणी सांगत नाही, ही अडचण असते. जानेवारी २०२० पासून दमण-दीव याच प्रदेशात आले. तिथल्या अनेक घरांत एखाद्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटन गाठलेले असते आणि मूल भारतीय पासपोर्टवर इकडे शिकत असते. सही करणारा एका देशात, सही लागणारा दुसऱ्यात. मुंबईत वकील ओळखीचा असलेल्या घराला हे सगळे एका दुपारचे काम वाटते, म्हणून धोरण आखणाऱ्यांना तो प्रश्नच वाटत नाही. शाळेच्या संघातून परदेशी स्पर्धेला निवडलेल्या इथल्याच खानवेल गावच्या मुलीला मात्र तो खरा वाटेल.

यावर उपाय अवघड नाही, हे फ्रान्सने दाखवले आहे. तिथे पालकाशिवाय देशाबाहेर जाणाऱ्या अल्पवयीन मुलाजवळ १५ जानेवारी २०१७ पासून एक छापील परवानगी असावी लागते. ती एकाच पालकाच्या सहीची, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत, बस. नगरपालिकेत जायला नको, शिक्का नको, शुल्क नको. तिथे ही अट आली ती मुले परस्पर सीरियाच्या युद्धात जाऊ लागली या भीतीपोटी. म्हणजे कारण अतिशय गंभीर होते, तरी कागद साधाच ठेवला. ब्राझीलने आणखी पुढे जाऊन पालकांची परवानगी मुलाच्या पासपोर्टातच छापून घेण्याची सोय ठेवली आहे. आपल्याकडे पासपोर्टचा अर्ज आधीच ऑनलाइन भरला जातो, पालकाची ओळख त्यात एकदा तपासलेली असते. त्याच ऑनलाइन खात्यातून प्रवासापुरते संमतीपत्र निघावे, त्यावर परक्या अधिकाऱ्याला तपासता येईल असा कोड असावा, मजकूर इंग्रजीबरोबर पालकाच्या भाषेत असावा. परदेशात असलेल्या पालकालाही मग दूतावासाच्या रांगेत उभे राहावे लागणार नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येईल, आणि यायलाच हवा. सरकारी नमुना आला की त्यावर दोन सह्यांची जागा येईल, आणि टाकून गेलेला नवरा ती सही दाबून धरेल. पोटगीची घासाघीस त्याच कागदावर होईल. ही भीती काल्पनिक नाही. म्हणूनच एका सहीचा आग्रह. आईही नैसर्गिक पालक ठरू शकते हे गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली, आणि अविवाहित आईला पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मिळू शकते हे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. नमुना त्या निकालांना धरून बनला तर आज एकट्या आईकडे दुसरी सही मागणाऱ्या परक्या कार्यालयापुढे तिला ठेवायला काहीतरी राहील: माझ्या देशाचा कायदा एक सही पुरेशी मानतो. आज तिच्या हातात नोटरीचा कागद असतो, आणि त्याच्यामागे कुठलाच नियम नसतो. याच्या उलट टोकाचा आक्षेप असा की एका सहीने एक पालक दुसऱ्याला अंधारात ठेवून मूल बाहेर पाठवील. पाठवील, आजही पाठवू शकतो. मुलांना एका देशातून दुसऱ्यात पळवून नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हा असे सुचवले होते, तरीही नाही. आणि तो करार सोळाव्या वर्षानंतर लागूच होत नाही. ताब्याचा वाद असेल तर न्यायालयात जाऊन पासपोर्ट जमा करून घेण्याचा मार्ग खुला आहे, तो तसाच राहील. उलट संमतीपत्राची नोंद सरकारी खात्यात राहिली तर न्यायालयाला कोणी, कधी, कुठे पाठवले ते निदान कळेल.

आणखी एक कागद म्हणजे आणखी एक हेलपाटा, हे म्हणणे पहिल्या ऐकण्यात पटते. पण हा कागद नव्याने येत नाही, तो आजही लागतो. फक्त दहा रूपांत लागतो. मुलांच्या तस्करीला याने आळा बसेल असा दावा मात्र कोणी करू नये. नेपाळची सीमा उघडी आहे, आणि मुली पळवणारे नमुने भरून जात नाहीत. तिथे सीमेवरची डोळस माणसेच कामाची.

राहिला स्वतः प्रवासी. सतरा वर्षांच्या मुलाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक या कागदावर असणार, आणि त्याचे स्वतःचे म्हणणे कुठेच नसणार, हे बरे नव्हे. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला, त्याच्या बाराव्या कलमात मुलाचे मत ऐकून त्याच्या वयाप्रमाणे त्याला वजन द्या असे आहे. तेव्हा नमुन्यात पालकाच्या सहीखाली आणखी एक ओळ हवी, चौदाच्या पुढच्या मुलाने स्वतः भरायची: मी कुठे जात आहे हे मला माहीत आहे, मी राजीखुशीने जात आहे, आणि अडचण आली तर मी या क्रमांकावर फोन करीन. ती ओळ मुलाने आपल्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहायची, आणि पालकाने सही करण्याआधी.