पुतळा सरकारांचा नव्हे, वर्गणीदारांचा

महोदय,

स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अमेरिकेने परत करावा ही फ्रेंच नेते रफाएल ग्लुक्समन यांची मागणी, आणि आम्ही नसतो तर फ्रेंच आज जर्मन बोलत असते हे व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांचे तितकेच अशोभनीय उत्तर, यांवर आठवडाभर जे चर्वितचर्वण झाले, त्यात हा पुतळा म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारास केलेला नजराणा, असे आपल्या अग्रलेखासह सर्वांनीच गृहीत धरलेले पाहून खेद वाटला.

लाबूले यांनी कल्पिलेल्या व बार्टोल्डी यांनी घडविलेल्या या मूर्तीसाठी फ्रान्समध्ये पैसा जमला तो बहुतांशी नागरिकांच्या व नगरपालिकांच्या वर्गणीतून. चौथरा अमेरिकेने बांधावयाचा होता. परंतु न्यूयॉर्कचे गव्हर्नर क्लीव्हलँड यांनी 1884 मध्ये 50,000 डॉलरांची मंजुरी नाकारली, काँग्रेसनेही हात आखडता घेतला, आणि 1885 च्या जूनमध्ये मूर्ती 214 पेट्यांतून बंदरात उतरली तेव्हा चौथरा अपुराच होता. पुलित्झर यांच्या 'वर्ल्ड' पत्राने, देणगी कितीही अल्प असो, दात्याचे नाव छापण्याचे अभिवचन देऊन पाच महिन्यांत लाखाहून अधिक लोकांकडून 1,02,000 डॉलर उभे केले; आयोवातील एका बालवर्गाचे त्यात 1.35 डॉलर होते! 28 ऑक्टोबर 1886 रोजी राष्ट्राध्यक्ष या नात्याने मूर्तीचा स्वीकार केला तो मात्र त्याच क्लीव्हलँड यांनी. तेव्हा ही वस्तू परत मागण्याचा वा तिच्यावरून उपकार मोजण्याचा अखत्यार या दोघांपैकी कोणास कोणी दिला? उपकारच मोजावयाचे, तर 1781 मध्ये यॉर्कटाउनपाशी फ्रेंच आरमाराने इंग्रजांची वाट अडवली नसती, तर काय झाले असते, हेही प्रवक्त्यांनी सांगावे.

आणि आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? याच पुतळ्याहून उंच म्हणून गाजवलेल्या अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन डिसेंबर 2016 मध्ये झाले. पाण्यावर अद्याप काही दिसत नाही. 1895 मध्ये रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी 'केसरी'ने निधीची हाक दिली, तेव्हा सामान्य माणसाने आपली अल्प मिळकत पुढे केली होती. आता सारे निविदांच्या हवाली.

ते असो. अग्रलेखातील विधानाची दुरुस्ती आपण याच सदरात प्रसिद्ध करावी, एवढीच विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा