गुलाबाला शेजार हवा

बाग ही बंगलेवाल्यांची हौस, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. आमच्या घरामागे जेमतेम दहा फूट जागा आहे, आणि तिच्यात आईची बाग आहे. झेंडू, अबोली, सदाफुली आणि कडेला गुलबक्षी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी एका मैत्रिणीच्या घरचे गुलाब पाहिले आणि मला आमच्या झेंडूची लाज वाटू लागली. आई मजुरीला गेली असताना मी झेंडू उपटला आणि साठवलेल्या पैशांतून आणलेली गुलाबाची चार कलमे लावली. आई काहीच बोलली नाही. त्या दसऱ्याला मात्र तोरणासाठी झेंडू विकत आणावा लागला.

वर्षभरात दोन कलमे गेली. बुंध्यातून जोमदार फूट आली, ती मी कौतुकाने वाढू दिली. चांगल्या गुलाबाचा डोळा रानगुलाबाच्या खुंटावर भरतात. डोळ्याखालची फूट वेळीच काढली नाही तर वरचे कलम उपाशी मरते, हे मला फार उशिरा कळले.

यंदा पावसाळ्यात आईने उरलेल्या दोन कलमांपासून दीड-दीड फूट सोडून पुन्हा झेंडू लावला. झेंडूच्या मुळांतील द्रव्य मातीतल्या सूत्रकृमींना मारक असते, हे मी पुस्तकात वाचले. अर्थात एखाददुसरे रोप पुरत नाही, हंगामभर दाट लागवड लागते. गुलाबाच्या पानांवरच्या भुरीला तर झेंडूचा काहीच उपयोग नाही. तिथे पाच-सहा तासांचे ऊन आणि मोकळी हवाच हवी. ऑक्टोबरात छाटणी केली आणि डिसेंबरात दोन्ही कलमांना फुले आली.

गुलाब कुलीन आणि झेंडू गावंढळ, ही प्रतवारी फुलांनी केलेली नाही. बाजारात मिळणारे लांब दांड्याचे गुलाब हे बहुतेक माणसाने संकर करून घडवलेले. त्या घराण्यातला पहिला मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ 1867 सालचा. झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. दोघेही आपल्या अंगणात पाहुणेच आले. मग एकाला मान आणि दुसऱ्याला उकिरडा का?

गुलाब जरूर लावावा. पण त्यासाठी घरातले काही उपटू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. शिक्षणाचेही तसेच असावे, असे मला वाटते. त्या दिवशी आई रागावली असती, तर बरे झाले असते.