चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा

विदर्भातल्या मुकुटबनच्या जमिनीत चुनखडी आहे, म्हणूनच झरी जामणी तालुक्यात सिमेंटचा कारखाना आला. चुनखडी नुसती भाजली की चुना होतो. तीच मातीसोबत कितीतरी जास्त तापवली की सिमेंट. विदर्भातल्या इंग्रजी अमदानीतल्या जुन्या शाळांच्या भिंती यातल्या पहिल्या मालाच्या आहेत आणि त्यांची दुरुस्ती होते ती दुसऱ्याने. या शाळा दुर्लक्षामुळे पडतात असं आपण म्हणतो. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच चुकीच्या डागडुजीने पडतात. भारतात सिमेंटचं नियमित उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झालं. त्याआधीच्या या शाळा चुन्यातल्या, आणि चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते, पुढे ती सोडूनही देते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, लोणा फुटतो, विटा भुसभुशीत होतात, भिंतीत रुतलेली वाशांची टोकं कुजतात. मग ‘धोकादायक’ असा शेरा पडतो आणि निर्लेखनाचा, म्हणजे इमारत पाडण्याचा, प्रस्ताव निघतो. शेरा खोटा नसतो. पण तो धोका कुणी आणला, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

या इमारती टिकवायच्या कशाला, याचं उत्तर वैदर्भीय उन्हाळ्यात आहे. राज्यभर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात त्यानंतर. म्हणजे इथला वर्ग तापतो हे सरकारलाही मान्य आहे. जाड भिंती, उंच आढं, कौलं, छपराजवळचे झरोके आणि उन्हाच्या बाजूला व्हरांडा हा सगळा विजेआधीचा हिशेब होता. आज आपण ठेंगण्या स्लॅबखाली मुलं बसवतो आणि पंख्यासाठी वर्गणी काढतो!

जुनी भिंत मुलांच्या अंगावर कोसळली तर, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी हजारो जीव घेतले. पण तिथे दगड मातीत बसवलेले होते, चुन्यात नव्हे. म्हणून जुनं ते सगळं मजबूत असा भाबडेपणा नको, तसंच जुनं ते सगळं पाडा हेही नको. प्रत्येक भिंत जाणकाराने तपासावी. जी खरोखर गेली ती उतरवावी. गुलामीची निशाणी कशाला जपायची, हा दुसरा आक्षेप मला तितका जड वाटत नाही. पैसा इथल्या शेतसाऱ्यातला, दगड इथला, गवंडीही इथलेच.

मुंबईला 1995 पासून वारसा नियमावली आहे. 2018 मध्ये तिथल्या व्हिक्टोरियन इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. तालुक्याच्या शाळेला असली यादी मिळणार नाही आणि तिची फारशी गरजही नाही. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने जुन्या शाळांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात चुन्याचं काम लिहावं, चुना मळता येणारा गवंडी शोधावा आणि निर्लेखनाच्या प्रस्तावाला आधीच्या दुरुस्त्यांची नोंद जोडणं सक्तीचं करावं.