‘विसरून जा’ म्हणणं सोपं असतं!

समजा, तळवलीतला तुमचा एखादा मित्र ठाणे-बेलापूर रोडवरच्या अपघातातून वाचलाय. प्लास्टर निघून सहा महिने झाले, पण कुठे करकचून ब्रेक लागला की त्याला आजही घाम फुटतो. आपण काय म्हणतो? ‘सोड ना यार, विसरून जा!’ पण ते त्याच्या हातात असतं का?

अशा त्रासावर ‘ईएमडीआर’ ही थेरपी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये तिची सुरुवात केली. नकोशी आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांवर नजर फिरवायची. लक्ष दोन कामांत विभागलं जातं आणि आठवणीची धार कमी होते, असं एक स्पष्टीकरण आहे. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या थेरपीची शिफारस केली. आठवण पुसली जात नाही, तिचं छळणं कमी होतं.

मात्र रील बघून घरी प्रयोग नको. जुनी जखम उघडली तर सावरायला प्रशिक्षित माणूस समोर हवा. म्हणून मित्राला सल्ला देऊ नका, ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर द्या. आणि तो कॉल लावेल तेव्हा शेजारी बसा.