करार दोघांचा, भोग तिसऱ्याचा

दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन विवाहांची हकिगत आज मुद्दाम सांगावीशी वाटते. पहिला विवाह इंग्लंडमधला. विल्यम ट्वेडल या तरुणाला त्याच्या वडिलांनी शंभर आणि सासऱ्याने दोनशे पौंड द्यावेत, असा लेखी करार दोघा व्याह्यांनी आपसांत केला. रक्कम न मिळाल्यास ट्वेडलला न्यायालयात जाता येईल, हेही त्या कागदात नमूद होते. सासरे पैसे न देताच निवर्तले. जावयाने त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकावर दावा लावला आणि १८६१ साली तो हरला. ज्याच्यासाठी करार झाला, तोच न्यायालयाच्या लेखी परका ठरला! वचन दोन वडिलांनी एकमेकांना दिले होते. त्याबदली जावयाने स्वतः काहीच दिले नव्हते, असा युक्तिवाद मान्य झाला.

दुसरा विवाह हिंदुस्थानातला. १८७७ साली वधू-वर दोघेही अज्ञान असताना वरपित्याने वधूपित्याला लिहून दिले, की सून नांदायला आल्यापासून तिला 'खर्च-इ-पानदान' म्हणून दरमहा ५०० रुपये मिळतील. त्यासाठी त्याने आपली स्थावर मिळकतही तारण लावली. पुढे १८९६ मध्ये सून सासर सोडून गेली आणि थकलेल्या रकमेसाठी तिने सासऱ्यावर दावा केला. सासऱ्याचा बचाव सरळ होता : करार तुझ्या वडिलांशी झाला, तुझ्याशी नव्हे. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९१० साली न्या. सय्यद अमीर अली यांनी दिलेल्या निकालाने हा बचाव फेटाळला. जेथे मुलांचे विवाह आईवडील ठरवतात, तेथे इंग्लंडचा नियम जसाच्या तसा लावल्यास घोर अन्याय होईल, हे त्या न्यायासनाने ओळखले. परदेशी नियमाला येथील कुटुंबजीवनाची कसोटी लावली गेली, हे या निकालाचे मोठेपण आहे.

परंतु हा अपवाद होता, नियम नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने मोबदला तिसऱ्या व्यक्तीकडून आलेला असला तरी चालेल, एवढे औदार्य दाखवले; तिसऱ्याच्या दाव्याच्या हक्काविषयी मात्र तो मौन आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९६९ साली चाको खटल्यात मूळ नियम कायम ठेवला. कराराबाहेरच्या व्यक्तीला करार बजावून घेता येत नाही. तिच्यासाठी न्यास निर्माण झाला असेल किंवा ती कौटुंबिक व्यवस्था असेल, तरच सूट. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यान्वये पत्नी व मुलांसाठी घेतलेली विमा पॉलिसी याच न्यासाच्या तत्त्वाने पतीच्या सावकारांपासून सुरक्षित राहते. किती घरांत ही गोष्ट ठाऊक आहे?

अपवादांच्या कुबड्यांवर न्याय किती काळ चालवायचा, हा प्रश्न नवा नाही. विधी आयोगाने १९५८ सालीच आपल्या तेराव्या अहवालात उपाय सुचवला होता. करारात तिसऱ्या व्यक्तीला स्पष्टपणे थेट लाभ दिला असेल, तर तिला स्वतःच्या नावाने दाद मागता यावी. आणि तिने तो लाभ स्वीकारल्यावर मूळ दोघांनी परस्पर करार फिरवू नये. ती शिफारस कागदावरच राहिली. ज्या इंग्लंडचा नियम आपण उराशी धरून बसलो, त्या इंग्लंडने मात्र १९९९ साली कायदा करून तिसऱ्याला हक्क दिला. गुरूने सोडलेली पाटी शिष्याने गिरवत बसावे, तसा हा प्रकार आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या दाराशी आलेली आहे. हक्क दुसऱ्याच्या हवाली करता येतो. कर्तव्याचे तसे आहे काय? करार कायद्याचे चाळिसावे कलम सांगते, की चित्र काढून देण्याचे वचन चित्रकाराने स्वतःच पाळले पाहिजे. जेथे व्यक्तीच्या गुणांवर भिस्त नाही, तेथे काम दुसऱ्याकडून करून घेता येते. पण जबाबदारी मूळ वचन देणाऱ्याच्याच शिरावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली खर्डा कंपनीच्या खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले. ज्याला वचन दिले, त्याच्या संमतीवाचून कर्तव्य दुसऱ्यावर ढकलता येत नाही; आणि संमती मिळाली, तर तो वस्तुतः नवा करारच होय.

मुंबई, ठाणे, पुणे येथील मध्यमवर्गीयाने हे वाक्य घराच्या कागदांसोबत जपून ठेवावे. एका विकासकाचे नाव पाहून आयुष्याची पुंजी गुंतवावी आणि अर्ध्या इमारतीवर एक दिवस दुसऱ्याचाच फलक झळकावा, हे आपण पाहत आलो आहोत. जुना म्हणतो, आता माझा संबंध नाही. नवा म्हणतो, ते वचन माझे नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या पंधराव्या कलमाने ही पळवाट बुजवली. प्रकल्पातील बहुतांश हक्क व दायित्वे तिसऱ्याकडे सोपवायची, तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी पूर्वसंमती आणि प्राधिकरणाची लेखी मंजुरी लागते. एकाच्या नावावर कितीही सदनिका असोत, तो ग्राहक एकच धरला जातो. येणाऱ्या विकासकावर सर्व अपुरी दायित्वे बंधनकारक राहतात आणि या बदलापोटी मुदतही वाढवून मिळत नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्य शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी काढलेल्या निर्देशांतही विकासाचे हक्क हस्तांतरित करता येणार नाहीत, असे होते. तरीही मुख्य करार संस्था आणि विकासक यांच्यात होतो. भाड्याच्या घरात दिवस काढणारा सभासद त्या कागदावर बहुधा 'तिसरा'च असतो. म्हणून आपल्या पर्यायी सदनिकेचा स्वतंत्र, नोंदणीकृत करार प्रत्येक सभासदाने आग्रहाने करून घ्यावा. संमतीपत्र पुढे आले, की शेजाऱ्याने सही केली म्हणून आपणही करावी, ही सवय सोडली पाहिजे. ती सही म्हणजे जुन्याला मोकळे करणारी किल्ली असू शकते.

घरासाठी संसदेने जे केले, ते करार कायद्यात सर्वांसाठी का होऊ नये? आपल्या समाजात करार क्वचितच दोघांपुरता असतो. बाप मुलीसाठी, मुलगा वृद्ध आईसाठी, संस्था सभासदांसाठी शब्द घेते. दिलेला शब्द ज्याच्यासाठी दिला त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि देणाऱ्याला तो परस्पर झटकता येता कामा नये. विधी आयोगाची शिफारस १९५८ पासून वाट पाहत आहे. ती कायद्यात उतरवण्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करण्याचे कर्तव्य मात्र आपले आहे, आणि ते कोणा तिसऱ्यावर सोपवता येणार नाही.